चेसापीकचा निळा खेकडा आणि खाडीकाठचा संसार

कोकणच्या खाडीकाठी राहणाऱ्या शेतकरी बंधूंना खेकडा काही नवा नाही. रायगडाकडे त्यास चिंबोरी म्हणतात, सिंधुदुर्गात कुर्ली म्हणतात. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून बिळात आकडी घालणारा गडी, किंवा कड्याला जाळे बांधून व त्यात आमिष लावून तयार केलेला फग पाण्यात सोडून होडीत वाट पाहणारे नवरा-बायको, हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. तथापि खेकडे धरणे हा आपल्याकडे बहुधा फावल्या वेळचा उद्योग समजला जातो. किती खेकडे निघाले, त्यांत माद्या किती होत्या, टोपली घेऊन बाजारात बसणाऱ्या बाईच्या हाती अखेर काय उरले, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. ज्या धंद्याचा हिशेब नाही त्याची निगाही राखली जात नाही, हा अनुभव शेतीप्रमाणेच पाण्यावरही येतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक खाडीच्या काठी मात्र खेकडा हाच मुख्य धंदा होऊन बसलेली गावे आहेत. तेथील माणसांची दिनचर्या, बोली, सण, अन्न आणि आपल्या गावाविषयीचा अभिमान ही सर्व या एका प्राण्याभोवती गुंफली गेली आहेत. त्या धंद्याने पुष्कळ बरकत पाहिली आणि ओढगस्तही पाहिली. मादी राखल्यावाचून खेकडा टिकत नाही, आणि राबणाऱ्या हातांची कदर केल्यावाचून धंदा टिकत नाही, हे दोन धडे त्या लोकांना मोठी किंमत मोजून शिकावे लागले. आपल्या खाडीकाठच्या गावांतून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना ही हकिगत उपयोगी पडेल, या हेतूने ती येथे दिली आहे.

खाडी आणि तिचा खेकडा

चेसापीक ही अमेरिकेतील सर्वांत मोठी खाडी होय. तिची लांबी सुमारे २०० मैल, म्हणजे ३२० किलोमीटर आहे. एवढा मोठा विस्तार असूनही तिची सरासरी खोली अवघी २१ फुटांच्या आसपास भरते. उत्तरेकडून सस्केहॅना व इतर नद्या तिच्यात गोडे पाणी आणून सोडतात, आणि दक्षिणेकडील मुखातून समुद्राचे खारे पाणी आत शिरते. त्यामुळे वरच्या अंगाला पाणी मचूळ आणि मुखाकडे अधिकाधिक खारट, अशी तिची रचना आहे. वरचा भाग मेरीलँड राज्यात व खालचा भाग व्हर्जिनिया राज्यात मोडतो. ही विभागणी वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील सर्व तंट्याचे मूळ तीत आहे.

या खाडीतील निळ्या खेकड्याचे शास्त्रीय नाव कॅलिनेक्टिस सॅपिडस असे आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ ‘सुंदर पोहणारा’ व दुसऱ्याचा ‘रुचकर’ असा होतो. १८९६ मध्ये मेरी रॅथबन या विदुषींनी हे नाव दिले. त्याचे मागचे पाय वल्ह्यासारखे चपटे असतात व त्यांच्या साहाय्याने तो पोहतो.

कोणत्याही खेकड्याप्रमाणे निळा खेकडाही जुने कवच टाकल्याखेरीज वाढू शकत नाही. जन्मापासून पूर्ण वाढ होईपर्यंत तो वीसच्या आसपास वेळा कवच टाकतो. मादी तिच्या आयुष्यात एकदाच, शेवटचे कवच टाकताना, नराशी संग करते. त्या वेळी तिचे अंग मऊ असते; म्हणून नर तिला आपल्या पायांच्या कवेत घेऊन, नवे कवच कठीण होईपर्यंत तिचे रक्षण करतो. यानंतर नर वरच्या मचूळ पाण्यात राहतो, आणि मादी मात्र खाडीच्या मुखाकडील खाऱ्या पाण्याच्या दीर्घ प्रवासास निघते. तेथे ती पोटाखाली अंड्यांचा गोळा धरते. एका गोळ्यात वीस लाखांपर्यंत, आणि कधी त्याहूनही पुष्कळ अधिक, अंडी असतात. प्रारंभी हा गोळा नारिंगी दिसतो आणि अंडी फुटण्याच्या सुमारास काळसर होतो. बाहेर पडलेली सूक्ष्म पिले समुद्रात वाहत जातात व काही आठवड्यांनी वारा आणि प्रवाह अनुकूल असल्यास खाडीत परततात. थंडीत खेकडे तळाच्या चिखलात स्वतःस पुरून घेतात.

सारांश, वरच्या राज्यात नर अधिक सापडतात व खालच्या राज्यात माद्या अधिक सापडतात. वरच्यांनी म्हणावे, ‘तुम्ही आया मारता’. खालच्यांनी म्हणावे, ‘तुम्ही त्या येथवर पोहोचूच देत नाही.’ नदीच्या पाण्यावरून वरच्या व खालच्या गावांत जसा तंटा चालतो, तसाच हा होता.

पुरुषांचे काम

या खाडीवर पोट भरणाऱ्या माणसास तिकडे ‘वॉटरमन’, म्हणजे ‘पाण्यावरचा माणूस’, असे म्हणतात. हा शब्द ते अभिमानाने वापरतात. आपल्याकडे ‘शेतकरी’ या शब्दात जसा धंदा व कूळ या दोहोंचा अर्थ सामावला आहे, तसाच तो तेथे सामावलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे लोक प्रामुख्याने कालवे काढीत. १८६६ च्या सुमारास रेल्वेचा फाटा मेरीलँडच्या दक्षिण टोकास पोहोचला, आणि तेथे क्रिसफील्ड हे गाव कालवांच्या शिंपल्यांच्या भरावावर उभे राहिले. रेल्वे आणणाऱ्या जॉन क्रिसफील्ड यांचेच नाव गावास मिळाले. बर्फ व रेल्वे यांची जोड मिळाल्यावर लवकर नासणारा खेकडाही दूरच्या शहरांत जाऊ लागला. पुढे बेसुमार उपशामुळे, व विसाव्या शतकाच्या मध्यापासून पसरलेल्या रोगांमुळे, कालवे खालावली. आणि वॉटरमनचा सारा भार खेकड्यावर येऊन पडला. एकाच पिकावर विसंबणाऱ्या शेतकऱ्यासारखी त्यांची स्थिती झाली.

खेकडे धरण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिली लांब दोराची. शेकडो हात लांबीच्या दोरास ठरावीक अंतरावर आमिष बांधून तो तळाशी सोडतात, आणि होडी त्यावरून हळूहळू नेत, आमिषास बिलगून वर येणारा खेकडा पाण्याबाहेर पडण्यापूर्वीच जाळीने टिपतात. दुसरी पद्धत तारेच्या पिंजऱ्याची. व्हर्जिनियातील बेंजामिन लुईस यांनी १९२८ मध्ये या पिंजऱ्याचे पहिले पेटंट घेतले, व १९३८ मध्ये सुधारलेल्या पिंजऱ्याचे दुसरे. यातील युक्ती साधी आहे. आमिष खालच्या कप्प्यात असते. घाबरलेला खेकडा वर पळू पाहतो आणि वरच्या कप्प्यात अडकतो. या पिंजऱ्याने पकड पुष्कळ वाढली. पुढे लहान खेकड्यांना निसटता यावे म्हणून त्यास कडी बसविण्याचा नियम झाला. मेरीलँडमध्ये नद्यांच्या फाट्यांत धंद्यासाठी पिंजरे लावण्यास मनाई आहे. तेथे आजही दोरच चालतो.

सर्वांत अधिक कसब लागते ते मऊ कवचाच्या खेकड्यास. कवच टाकल्यावर काही तासच खेकडा इतका मऊ असतो की तो सगळाच तळून खाता येतो, आणि त्यास भावही चांगला येतो. परंतु कवच केव्हा टाकणार हे ओळखावे कसे? जाणता वॉटरमन खेकड्याचा वल्ह्यासारखा पाय उजेडात धरून त्याच्या कडेची रेघ पाहतो. रेघ पांढरी असेल तर सुमारे दोन आठवडे अवकाश आहे, गुलाबी असेल तर आठवड्याच्या आत, आणि लाल असेल तर एक-दोन दिवसांत कवच फुटणार. असे खेकडे वाहत्या पाण्याच्या उथळ टाक्यांत रंगानुसार वेगवेगळे ठेवतात, आणि रात्रंदिवस दर काही तासांनी त्यांची पाहणी करतात. वेळ चुकली की कवच पुन्हा कठीण होते व मालाची किंमत उतरते. दुभत्या जनावराच्या वेणाच्या वेळी गोठ्यात जागणारा शेतकरी या मेहनतीचे मोल जाणेल. अमावास्येचा खेकडा भरलेला व पौर्णिमेचा पोकळ, असे आपल्याकडे मानतात. निरीक्षणाची ही परंपरा दोन्हीकडे सारखीच आहे. ती पुस्तकांतून येत नाही, बापाच्या होडीत बसून येते.

स्त्रियांचे काम

पुरुष खेकडा पाण्यातून काढतो. त्याचा पैसा मात्र स्त्रीच्या सुरीने होतो. वाफवलेल्या खेकड्यातील मांस कवचाच्या बारीक कप्प्यांतून अखंड काढणे हे अत्यंत नाजूक काम आहे. शंभर पौंड खेकड्यांतून जेमतेम चौदा-पंधरा पौंड मांस निघते. त्यातही पोहण्याच्या पायाच्या मुळाशी असलेला मोठा गोळा सर्वांत महाग असतो, आणि तो तुटला की त्याची प्रत उतरते. या कामाची मजुरी पौंडावर ठरते. म्हणजे जिचा हात जलद व स्वच्छ तिलाच पोटापुरते मिळते. नवखी बाई दिवसभर राबूनही मागे पडते.

अनेक दशके हे काम मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रियांनी केले. पहाटे अंधारात कामास लागून त्या लांब टेबलांभोवती बसत, आणि चर्चमधील भजने एकसुरात म्हणत हात चालवीत. त्या काळी वर्णभेद कायद्याने मान्य होता, व या स्त्रियांना दुसरे काम मिळणे कठीण होते. तरीही १९३८ मध्ये क्रिसफील्डच्या मालकांनी मजुरीचा दर कमी केला तेव्हा शेकडो स्त्रियांनी सुऱ्या खाली ठेवल्या. गावात दहशत पसरविण्यात आली, परंतु त्या आठवडेच्या आठवडे ठाम राहिल्या, आणि अखेर मालकांना दरकपात मागे घ्यावी लागून त्यांच्या संघटनेस मान्यता द्यावी लागली. खेकड्याच्या धंद्याचा इतिहास सांगताना होड्यांची चित्रे पुष्कळ दाखविली जातात. या टेबलांची त्या मानाने फार थोडी.

पुढील पिढीतील मुली शिकून अन्य नोकऱ्यांत गेल्या व मांस काढणारे हात कमी पडू लागले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून मेक्सिकोच्या ग्रामीण भागातील स्त्रिया हंगामी परवान्यावर या कामासाठी येऊ लागल्या. हूपर्स बेटावरील अनेक कारखाने आता त्यांच्यावरच चालतात. वसंतात यावयाचे, थंडीच्या तोंडाशी परतावयाचे, मुले आईवडिलांपाशी ठेवावयाची व पैसे घरी धाडावयाचे, असा त्यांचा क्रम आहे. परवाना एकाच मालकाशी बांधलेला असतो; म्हणून तक्रार असूनही दुसरीकडे जाणे सोपे नसते. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने घर सोडणाऱ्या आपल्या कुटुंबांची स्थिती ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही. या परवान्यांची संख्या कायद्याने मर्यादित आहे. २०१८ मध्ये ते सोडतीने वाटण्यात आले, तेव्हा कित्येक कारखान्यांना कामगारच मिळाले नाहीत. खाडीत खेकडे होते, होड्या होत्या, गिऱ्हाईकही होते. परंतु सुरी धरणारे हात नसल्यामुळे धंदा अडून राहिला.

याच सुमारास दुसरी एक स्पर्धा वाढलेली होती. १९९० नंतर आग्नेय आशियातून डबाबंद खेकड्याचे मांस अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर जाऊ लागले. आपल्या देशातूनही, विशेषतः तमिळनाडूच्या किनाऱ्यावरून, पोहणाऱ्या खेकड्याचे मांस तिकडे जाते. तेही तेथील कोळी वस्त्यांतील स्त्रियांनीच काढलेले असते. म्हणजे एका किनाऱ्यावरील बाईची मजुरी दुसऱ्या किनाऱ्यावरील बाईच्या मजुरीशी बांधली गेली आहे, आणि दोघींनाही एकमेकींचा पत्ता नाही.

एका बेटावरील सहकारी संस्था

या संदर्भात स्मिथ बेटाचे उदाहरण विशेष मननीय आहे. हे बेट मेरीलँडच्या किनाऱ्यापासून दूर असून तेथे होडीनेच जावे लागते. तीन लहान गावे, आणि २०२० च्या शिरगणतीनुसार सुमारे दोनशे माणसे. तेथील स्त्रिया पिढ्यान्पिढ्या आपापल्या स्वयंपाकघरात खेकडे सोलून मांस विकीत. १९९० च्या दशकात आरोग्यविषयक नियमांची कडक अंमलबजावणी सुरू झाली, आणि घरात काढलेले मांस विकणे अशक्य झाले. प्रत्येकीने स्वतंत्र कारखाना बांधणे परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा टायलरटन या गावातील स्त्रियांनी एकत्र येऊन सहकारी संस्था काढली व नियमांत बसेल असे एक सामाईक सोलणगृह उभारले. प्रत्येकीने आपले खेकडे आणावे, आपल्या टेबलावर सोलावे व आपल्या मालाचे पैसे घ्यावे, अशी ही व्यवस्था होती.

जे काम ‘बायका घरात करतात’ म्हणून कोणाच्या हिशेबात नव्हते, ते या संस्थेमुळे हिशेबात आले. नियम आला म्हणजे धंदा बुडालाच असे नाही. नियम पाळण्याची ऐपत एकटीस नसली तरी दहाजणींस मिळून असू शकते.

गावाची ओळख

धंदा पिढ्यान्पिढ्या चालला म्हणजे तो माणसाच्या तोंडी व ताटात उतरतो. या खाडीकाठी मोठ्या नरास ‘जिमी’, वयात आलेल्या मादीस ‘सूक’ व कोवळ्या मादीस ‘सॅली’ म्हणतात. खेकड्याच्या पोटाखालची झडप पाहून पोरेसुद्धा हा भेद क्षणात सांगतात. स्मिथ व टँजियर या बेटांवर रविवारी खेकडे धरीत नाहीत, कारण तो देवाचा वार. क्रिसफील्ड येथे १९४७ पासून खेकड्यांच्या शर्यतींचा उत्सव भरतो. नारळी पौर्णिमेस आपल्या कोळीवाड्यांत जो उत्साह असतो त्याची आठवण व्हावी, अशी त्या दिवसांत गर्दी होते. १९८९ मध्ये मेरीलँडने निळ्या खेकड्यास राज्याच्या मानचिन्हांत स्थान दिले. स्मिथ बेटावरील स्त्रिया करीत असलेला पातळ थरांचा केक २००८ मध्ये राज्याचे मिष्टान्न म्हणून घोषित झाला.

खेकड्यावरील मसाल्याची कथा तर आणखी निराळी आहे. गुस्टाव्ह ब्रुन हे जर्मनीतील मसाल्याचे यहुदी व्यापारी होते. १९३८ मध्ये नाझींनी त्यांना छळछावणीत टाकले. सुटका झाल्यावर ते मेरीलँडमधील बाल्टिमोर शहरी आले आणि मासळीबाजाराजवळ त्यांनी मसाल्याचे दुकान थाटले. त्यांनी तयार केलेला ‘ओल्ड बे’ हा मसाला आज खेकड्यापासून अलग करता येत नाही. टेबलावर वर्तमानपत्र अंथरून, त्यावर मसाला लावलेल्या वाफवलेल्या खेकड्यांचा ढीग ओतून, लाकडी हातोडीने नांग्या फोडीत सारे कुटुंब तासन् तास बसते. गावाची ओळख म्हणून जे मिरविले जाते, त्यात दुरून आलेल्या निर्वासिताचा, हंगामी मजूर स्त्रियांचा व गुलामांच्या वंशजांचा केवढा वाटा असतो, हे यावरून दिसून येईल.

परंतु ओळख असली म्हणजे पोट भरतेच असे नाही. वॉटरमनचे मुलगे आज अन्यत्र नोकऱ्या करतात. स्मिथ बेटावरील कित्येकांनी होडी सोडून मुख्य भूमीवरील तुरुंगात पहारेकऱ्याचे काम पत्करले. बेटेही झिजत आहेत. टँजियर बेटाची सुमारे दोन-तृतीयांश जमीन १८५० पासून पाण्याने गिळली आहे. २०१२ मध्ये मोठे वादळ झाल्यानंतर राज्य सरकारने स्मिथ बेटावरील घरे खरेदी करून रहिवाशांस इतरत्र जाण्याची सोय देऊ केली. बेटकऱ्यांनी एकत्र येऊन त्यास विरोध केला व ती योजना मागे पडली. बाहेरच्यास हा हट्ट वाटेल. ज्याचे घर, कबरस्तान व विद्या ही सर्व एकाच पाण्याशी बांधलेली आहेत, त्यास मात्र घराची किंमत रोख मिळाली तरी भरपाई होत नाही. पुनर्वसनाची कामे करणाऱ्यांनी हे विसरता कामा नये.

घट आणि मोजदाद

१९९० पासून दोन्ही राज्ये मिळून दर हिवाळ्यात खाडीच्या तळाची पाहणी करतात. खेकडे चिखलात निश्चल पडलेले असताना सुमारे १,५०० ठिकाणी तळ खरवडून त्यांची मोजणी केली जाते, व त्यावरून संपूर्ण खाडीचा अंदाज बांधला जातो. १९९३ मध्ये हा अंदाज सुमारे ८५ कोटी होता. २००७ पर्यंत तो सुमारे २५ कोटींवर आला. २००८ मध्ये केंद्र सरकारने या धंद्यावर आपत्ती ओढवल्याचे जाहीर केले.

त्या वर्षी दोन्ही राज्यांनी जुना तंटा बाजूस ठेवून एकत्र निर्णय घेतला. माद्यांची पकड एक-तृतीयांशाने कमी करण्यात आली. चिखलात पुरलेल्या माद्या थंडीत खरवडून काढण्याची व्हर्जिनियातील पद्धत बंद करण्यात आली. खाडीच्या मुखाशी अंडी सोडण्याच्या काळात पकडीस मनाई असलेले विस्तीर्ण क्षेत्र पूर्वीच राखलेले होते. त्याचे महत्त्व आता सर्वांस पटले. काम गमावलेल्या वॉटरमनना व्हर्जिनियात तळाशी हरवून पडलेले पिंजरे शोधून काढण्याचे काम सरकारने दिले. असा पिंजरा धनी नसतानाही खेकडे धरीत व मारीत राहतो. काही हिवाळ्यांत तीस हजारांहून अधिक पिंजरे व जाळी बाहेर निघाली.

२०१२ मध्ये खेकड्यांचा अंदाज सुमारे ७६ कोटींवर गेला. मादी राखल्याचे फळ इतक्या लवकर दिसून आले. तथापि ते कायम टिकले नाही. २०२२ मध्ये हा आकडा २३ कोटींच्याही आत आला, आणि या मोजणीच्या इतिहासातील तो तोवरचा नीचांक ठरला. पाण्याखालील गवताची घट, परक्या जातीच्या माशांचा उपद्रव, पिलांना परत आणणाऱ्या वाऱ्यांचा लहरीपणा अशी अनेक कारणे यामागे सांगितली जातात. मादी राखणे आवश्यक आहे. परंतु तेवढ्यावर भागत नाही.

शेतातील खत आणि खाडीतील खेकडा

येथे शेतकऱ्याचा संबंध येतो. चेसापीकचे पाणलोट क्षेत्र ६४,००० चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून थोडे अधिक, असून ते सहा राज्यांत पसरले आहे. तेथील शेतांत घातलेले जादा नत्र व स्फुरद, तसेच कोंबड्यांच्या फार्मांतील खत, पावसाबरोबर वाहून खाडीत येते. त्यावर शेवाळ माजते, पाणी गढूळ होते, तळाच्या गवतास उजेड मिळत नाही, आणि शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो. कोवळा खेकडा याच गवतात लपून वाढतो. गवत गेले की त्याचे घर गेले. १९७२ च्या ॲग्नेस वादळात गाळाच्या लोंढ्याने हे गवत मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले होते.

शहरांचे सांडपाणीही यास कारण आहे. परंतु या क्षेत्रात नत्र व स्फुरदाचा सर्वांत मोठा वाटा शेतीतूनच येतो. म्हणून २०१० मध्ये किती नत्र, स्फुरद व गाळ खाडीत येऊ द्यावयाचा याच्या मर्यादा केंद्राने ठरवून दिल्या. मेरीलँडमध्ये मुख्य पीक काढल्यावर जमीन उघडी न ठेवता आच्छादन पीक पेरणाऱ्या शेतकऱ्यास सरकार अनुदान देते. उरलेले नत्र ते पीक शोषून घेते. यात शेतकऱ्याचाही लाभ आहे. कारण वाहून गेलेले खत म्हणजे त्याचाच वाहून गेलेला पैसा होय.

आपल्या खाड्यांसाठी बोध

आपल्या खाडीतील मोठा खेकडा वेगळ्या जातीचा आहे व तो कांदळवनाच्या आश्रयाने वाढतो. आपला धंदाही लहान आहे. म्हणून चेसापीकची नक्कल करण्याचे प्रयोजन नाही. परंतु पुढील गोष्टी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी खाडीकाठच्या बैठकांतून अवश्य मांडाव्यात.

१. पोटाखाली अंड्यांचा गोळा असलेली मादी पुन्हा पाण्यात सोडावी. नराची झडप अरुंद व निमुळती असते, वयात आलेल्या मादीची रुंद व गोलसर असते. हा भेद मुलांसही शिकवावा. एका मादीचे पैसे दोन दिवस पुरतात. तिची अंडी खाडीस पुरतात.

२. लहान खेकडे व नुकतेच कवच टाकलेले पोकळ खेकडे पडत्या भावाने विकू नयेत. लहान सोडून द्यावेत. पोकळ खेकडे बंदिस्त जागी तीन-चार आठवडे खाद्य देऊन भरवावेत व मग विकावेत. भाव पुष्कळ अधिक मिळतो.

३. कांदळवन कक्षाच्या साहाय्याने राज्यात अनेक ठिकाणी बचतगटांनी खेकडापालन हाती घेतले आहे. तमिळनाडूत या खेकड्याची पिले तयार करणारे बीजोत्पादन केंद्र आहे. शक्य तेथे अशा केंद्रातील पिले वापरावीत. खाडीतील पिले सरसकट उचलून तळी भरणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळणे होय.

४. प्रत्येक गावाने एक साधी वही ठेवावी. तारीख, तिथी, किती खेकडे, त्यांत माद्या किती व भाव काय, एवढीच नोंद पुरे. तीन-चार वर्षांच्या नोंदी हाती आल्या म्हणजे खाडी सुधारते आहे की बिघडते आहे हे गावासच कळेल.

५. फाटकी जाळी व मोडके पिंजरे पाण्यात टाकू नयेत.

६. विक्री व सोलणे यांत राबणाऱ्या स्त्रियांची नावे सभासद म्हणून, स्वतंत्रपणे, नोंदवावीत. योजनेचा अर्ज पुरुषाच्या नावे व काम स्त्रीच्या माथी, ही रीत मोडावी.

७. खाडीस उतार असलेल्या शेतांत खते माती-परीक्षणानुसार व विभागून द्यावीत, बांध धरून ठेवावेत, आणि कांदळवन राखावे.

चेसापीकच्या लोकांनी खेकड्यास राज्याच्या मानचिन्हांत बसविले, त्याचे उत्सव केले. तरीही खेकडा घटला, आणि मादी राखली तेव्हा काही काळ तो वाढला. आपल्या खाडीची चिंबोरी अजून कोणत्याही चिन्हावर नाही. ती उद्याही टोपलीत यावी असे वाटत असेल, तर आजच्या टोपलीतील अंड्यांची मादी परत पाण्यात सोडण्यापासून आरंभ करावा. त्यास अनुदान लागत नाही, परवाना लागत नाही.